अण्णांच्या स्टोमाभोवतीची चामडी सोलवटलीये, पिशवी टिकतच नाही – अनुभव असेल त्यांनी सांगा

चोपडेकर_शेतकरी

नमस्कार मंडळी. वडिलांचं (आम्ही अण्णा म्हणतो) गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि पोटावर उजव्या बाजूला पिशवी लावलीये. डॉक्टर म्हणाले इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचं तोंड बाहेर काढलंय आणि काही महिन्यांनी परत आत जोडणार. ऑपरेशनची जखम मस्त भरली, जेवायला लागलेत, पण आता सगळा वैताग चामडीचा आहे. त्या बाहेर काढलेल्या तोंडाच्या, म्हणजे स्टोमाच्या खालच्या अंगाला लालबुंद झालंय, पाणी सुटतंय आणि दोन ठिकाणी तर वरची सालच निघून आलीये. पिशवी चिकटवली की रात्रीतून कडेनं गळायला लागते मग काढा धुवा पुसा परत चिकटवा, आणि दर वेळी चामडी अजून खराब. माझा बाप उभ्या आयुष्यात दुखतंय म्हणून बोललेला माणूस नाही, पण प्लेट, म्हणजे पिशवीचा चामडीला चिकटणारा भाग, ओढताना डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या.

गावात जो येतो तो वेगळं सांगतो. खोबरेल लावा, हळद लावा, कोरफड लावा. मेडिकलवाल्यानं एक मलम हातात दिलं. मी अजून काहीच लावलेलं नाही, म्हटलं आधी इथं विचारू. डिस्चार्जच्या वेळी पिशवी कशी बदलायची ते एकदाच घाईघाईत दाखवलं होतं. इकडे ऊन ४४ च्या पुढं आहे, घामानं अंग थपथपतं. केळीची कटाई चालू आहे त्यामुळं लगेच मुंबई गाठणं अवघड. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

पांझराकाठ

भाऊ आधी एक सांगा, प्लेट काढली की तिची मागची बाजू बघता का? चिकटणारी बाजू. बरेच जण काढली की गुंडाळून टाकून देतात. पुढच्या वेळी उजेडात धरून नीट बघा कुठून कुठपर्यंत ओलं आहे, कुठं पिवळा-तपकिरी डाग गेलाय, कुठं चिकट भाग फुगून पांढरट झालाय. मग तोच डाग चामडीवर कुठं येतो ते जुळवा. माझ्या आईची पिशवी होती तेव्हा आम्हाला याच गोष्टीनं रस्ता दाखवला. लाल झालेली जागा आणि प्लेटवरचा डाग एकमेकांवर बसले तर समजायचं मळ खाली शिरतोय, आणि दुसरं काही लावून उपयोग नाही.

तापीमाई

दादा आमच्याकडे कुणालाही चट्टे उठले की खोबरेल तेलात हळद कालवून लावतात, थंडावा पडतो. बाळाला लंगोटाचे चट्टे पडतात तेव्हा पण हेच करतो. अण्णांना लवकर आराम पडो, मी रोज देवापाशी त्यांचं नाव घेईन.

निवृत्त_सिस्टर_धुळे

तापीमाई तुमची माया कळते, बाळाच्या चट्ट्यांना कुणी तेल लावत असेल ते समजू शकते. पण इथं तेल लावलं की त्यावर प्लेट बसणारच नाही. तेल, व्हॅसलीन, क्रीम, मलम सगळ्याला तेच लागू. प्लेट सुटली की मळ परत चामडीवर, म्हणजे ज्यानं जळलं तेच पुन्हा. हळदीनं आग पण होईल आणि खालची लाली झाकली जाईल, बघणाऱ्याला काय चाललंय तेच कळणार नाही.

चोपडेकर भाऊ, मी सर्जरी वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून जरा लांब लिहिते, सवडीनं वाचा.

इलिओस्टोमीतून जे येतं ते पातळ असतं आणि त्यात अन्न पचवणारे रस असतात. ते रस चामडीला पण पचवायला बघतात, साध्या भाषेत एवढंच. म्हणून मोठ्या आतड्याच्या पिशवीवाल्यांपेक्षा लहान आतड्याच्या पिशवीवाल्यांची चामडी पटकन जाते, थोडीशी गळती काही तास राहिली तरी लाल होते. त्यात घाम, त्यात रोजची ओढाताण. म्हणून औषध नंतर, आधी गळती का होते ते शोधायचं.

माझा पहिला संशय प्लेटच्या भोकावर आहे. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढचे सहा ते आठ आठवडे तो हळूहळू आक्रसत जातो. हॉस्पिटलात जे माप घेतलं ते आज लागू नाही. भोक जुन्या मापानं कापत राहिलं तर स्टोमाच्या भोवती चामडीचं उघडं कडं राहतं आणि तिथं दिवसभर मळ बसतो. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं पाहिजे, म्हणजे स्टोमा घासला जाणार नाही आणि चामडी पण उघडी पडणार नाही.

प्लेट ओढून काढू नका हो. रिमूव्हरचा स्प्रे किंवा पुसण्या मिळतात, नसतील तर कोमट पाण्यानं कपडा ओला करून वरच्या कडेपासून हळूहळू सुटी करा, आणि एका हातानं चामडी खाली दाबून प्लेटपासून दूर घ्या. प्लेट वर उचलायची नाही. धुवायला फक्त कोमट पाणी. डेटॉल नको सॅव्हलॉन नको, स्पिरिट नको, बाळाच्या ओल्या पुसण्या नकोत, त्यात तेल आणि वास असतो. साबण लागलाच तर बिनवासाचा साधा, आणि तो पूर्ण धुऊन काढायचा. पुसताना स्टोमातून रक्ताचा थेंब आला तर घाबरू नका, त्याला रक्तपुरवठा खूप असतो. त्याला स्पर्शाची जाणीव नसते म्हणून अण्णांना जे दुखतं ते चामडीचं दुखतं, स्टोमाचं नाही.

आधी प्लेटची मागची बाजू आणि भोकाचं माप कळवा मग पुढचं सांगते.

चोपडेकर_शेतकरी

सिस्टर, पांझराभाऊ, आज सकाळी बघितलं. डाग बरोबर खालच्या बाजूला आहे, घड्याळाच्या पाच ते सातच्या काट्यामध्ये, आणि लाली पण तिथंच, ती जागा बोटानं दाखवावी इतकी जुळली. भोकाचं म्हणाल तर हॉस्पिटलनं एक कागद दिला होता त्या मापानं सर्जिकलवाला गोल कापून देतो. आज स्टोमावर धरून पाहिलं तर वरच्या अंगाला ठीक आहे पण खाली जवळजवळ करंगळी जाईल एवढी चामडी उघडी राहते. आणि स्टोमा गोल नाहीच मुळी, अंड्यासारखा लांबट आहे. अण्णा मांडी घालून बसले की खाली पोटाची घडी पडते ती पण त्याच जागेवर येते.

चामडी ओली असल्यानं काही चिकटत नाही, त्याचं काय करू?

निवृत्त_सिस्टर_धुळे

छान बघितलंत भाऊ, अर्धं काम झालं. तात्पुरता जो स्टोमा करतात तो बहुतेक वेळा आतड्याचा वळसा बाहेर काढून केलेला असतो म्हणून लांबट असतो. त्याला गोल भोक कधीच बसणार नाही. प्लेटच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक असतं ना, ते स्टोमावर धरा आणि स्केच पेननं कडेकडेनं आखा. मग दोन-तीन मिलिमीटर बाहेरून कापा, हा तुमचा नमुना. वर-खाली, डावं-उजवं लिहून ठेवा नाहीतर प्लेट उलटवली की आरशासारखं उलटं कापलं जातं. टोकाला वाकडी असलेली छोटी कात्री घ्या, कापून झालं की कडेवरून बोट फिरवून खडबडीत भाग सपाट करा. स्टोमा स्थिरावेपर्यंत दर आठवड्याला नमुना नव्यानं काढायचा. दुकानदाराला कापू देऊ नका, त्यानं तुमचं पोट पाहिलेलं नाही.

ओल्या चामडीसाठी स्टोमा पावडर मिळते. ती टाल्कम नाही, घामोळ्याची पावडर तर नाहीच नाही. ती पाणी शोषून चामडीवर चिकटते. चामडी धुऊन हलकं टिपून कोरडी करा, जिथं पाणी सुटतंय तिथं पावडर भुरभुरा, आणि मग जास्तीची झटकून टाका, जेवढी ओल्या भागाला धरून राहिली तेवढीच हवी. पांढरा ढीग राहिला तर त्याच्यावर प्लेट बसणार नाही. वरून अल्कोहोल नसलेल्या बॅरियर फिल्मच्या (चामडीवर पातळ संरक्षक थर धरणाऱ्या द्रवाच्या) पुसणीनं टिपटिप करा, घासायचं नाही, किंवा स्प्रे मारा आणि वाळू द्या. परत पावडर परत फिल्म. असे दोन-तीन थर दिले की पातळ पापुद्रा तयार होतो आणि त्यावर प्लेट धरते. फिल्म घेताना पाकिटावर अल्कोहोल नाही असं लिहिलेलं बघूनच घ्या, अल्कोहोलवाली सोललेल्या जागेवर इतकी झोंबते की माणूस पुढच्या वेळी हात लावू देत नाही. चामडी कोरडी झाली की पावडर बंद, रोजची सवय करायची नाही.

घडीचं काय करायचं? अण्णांना बसवून, उभं करून, झोपवून तिन्ही वेळा बघा. घडीत खळगा पडतो तो भरायला पेस्ट किंवा मऊ रिंग असते. पेस्ट म्हणजे डिंक नव्हे, खिडकीच्या काचेला फटीत लांबी भरतात तसं तिचं काम. जास्त चोपडली तर उलट प्लेट लवकर सुटते. आणि बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून सध्या अण्णांना रिंगच द्या, हातावर मळून हवी तशी लांबवता येते आणि झोंबत नाही. स्टोमा चामडीच्या बरोबरीला किंवा आत गेलेला असेल तर फुगीर प्लेट आणि कमरपट्टा लागतो, पण ते स्वतःच्या मनानं घेऊ नका, चुकीचा दाब पडला तर चामडीला व्रण होतो. ते कुणा स्टोमा नर्सनं (स्टोमा आणि पिशवीच्या देखभालीत तरबेज सिस्टरनं) बघून ठरवू द्या.

आणि हो, सकाळी काही खाण्यापिण्याआधी बदला. तेव्हा स्टोमा शांत असतो. प्लेट लावल्यावर तळहात चार-पाच मिनिटं दाबून ठेवा, हाताच्या उबेनं ती धरते.

भुसावळकर

मला स्वतःला मोठ्या आतड्याची कायमची पिशवी आहे, बरीच वर्षं झाली, रेल्वेत ड्युटी पण केली तिच्यासकट. आपल्याकडच्या उन्हाबद्दल लिहितो कारण पुण्या-मुंबईच्या पाकिटावर लिहिलेले दिवस भुसावळच्या मे महिन्यात लागू होत नाहीत. हिवाळ्यात माझी प्लेट सुखानं चार-पाच दिवस राहते, उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी मी स्वतःहून बदलतो, गळायची वाट बघत नाही. खाली खाज किंवा चुरचुर सुरू झाली की वेळ काय का असेना काढून बघतो. चामडी आधी सांगते मग डाग दिसतो.

प्लेटच्या पेट्या कुठं ठेवता ते पण बघा. पत्र्याच्या घरात माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवल्या तर चिकट भाग विरघळल्यासारखा होतो, मग नवी प्लेट पण धरत नाही. माठाच्या खोलीत खालच्या फडताळात ठेवतो मी, फ्रिजमध्ये नको.

पिशवीचं प्लास्टिक पोटाला लागून घामोळं येतं, त्यासाठी बायकोनं जुन्या मऊ धोतराच्या खोळी शिवल्यात, घाम टिपला जातो. पायजम्याची नाडी प्लेटवर येऊ देऊ नका, वर किंवा खाली बांधा. आणि पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी, अर्ध्याच्या पुढं जाऊच द्यायची नाही. वजनानं ती प्लेटला खाली ओढते आणि तुमची गळती खालच्याच बाजूला आहे.

केस असतील तर ते पण. प्लेटखाली केस ओढले जाऊन बारीक पुटकुळ्या येतात. ब्लेडनं खरडू नका, ट्रिमरनं बारीक करा.

गिरणाई

मी चाळीसगावची. माझं थोडं वेगळं झालं होतं म्हणून लिहिते, सगळ्यांची लाली एकाच कारणाची नसते. माझी प्लेट जराही गळत नव्हती, मागची बाजू स्वच्छ, पण चामडी लाल आणि खाज इतकी की रात्री झोप नाही. जाऊबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या अगं हे तर प्लेटच्या मापाचंच आहे, जिथवर चिकटपट्टी तिथवर लाल आणि तिथंच रेघ मारल्यासारखं थांबलंय. डॉक्टर म्हणाले चिकट पदार्थाची ॲलर्जी. दुसऱ्या कंपनीच्या प्लेटचा छोटा तुकडा पोटाच्या दुसऱ्या बाजूला लावून बघायला सांगितला, काही झालं नाही म्हटल्यावर ती घेतली. कोलोप्लास्ट, कॉन्व्हाटेक, होलिस्टर सगळ्यांचा चिकट भाग थोडा थोडा वेगळा असतो, एकाला चालतं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही. सूज उतरायला डॉक्टरांनी स्टिरॉइडचं पातळ लोशन दिलं होतं थोड्या दिवसांसाठी, मलम नाही, कारण त्यावर चिकटत नाही. स्वतःच्या मनानं मात्र ते घेऊ नका, जास्त वापरलं तर चामडी पातळ होते.

बायांसाठी सांगते, साडीची निरी आणि परकराची नाडी बरोबर तिथंच येते. मी आता परकराला रुंद इलॅस्टिक लावते आणि वर घेते. कुणाला विचारायला लाजू नका ग, मी उगाच गप्प बसून सोसत होते असं माझी सून अजून म्हणते.

निवृत्त_सिस्टर_धुळे

गिरणाईताईंनी फार मोलाचं लिहिलं. त्यालाच जोडून, उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी पण खूप होते. मोठा लाल चट्टा आणि त्याच्या कडेला सुटे सुटे लाल ठिपके, खाज भरपूर. अँटिबायोटिक चालू असेल, केमो चालू असेल किंवा शुगर असेल तर जास्तच. त्याला डॉक्टर बुरशीविरोधी पावडर देतात, ती चोळून जास्तीची झटकायची आणि वर फिल्म. अण्णांच्या वर्णनात ठिपके नाहीत त्यामुळं ते नसावं.

पण या गोष्टी दिसल्या तर धागा वाचत बसू नका, थेट डॉक्टर. स्टोमाचा रंग गुलाबी-लाल आणि ओलसर असतो, तो काळा, निळा किंवा जांभळा पडला तर. रक्त दाबूनही थांबत नसेल तर. चामडीवर खोल, भयंकर दुखणारा व्रण आणि त्याची कड जांभळी दिसली तर, आतड्याच्या सुजेचा आजार असलेल्यांमध्ये तो वेगळाच प्रकार असतो. पोटात मुरडा, उलटी आणि पिशवीत काहीच येत नसेल तर. ताप.

चोपडेकर_शेतकरी

सगळ्यांचे खरंच उपकार. खाण्याचं विचारायचं राहिलं. अण्णांना पिशवीत अगदी पाण्यासारखं येतं, दिवसातून कितीदा तरी रिकामी करावी लागते. डॉक्टर म्हणतात मऊ खा, पण आमच्या घरात कळण्याची भाकरी आणि ठेचा यापलीकडे अण्णांचं जेवण होत नाही.

यावलची_लेक

दादा, केळीच्या गावात बसून विचारताय! केळी घट्ट करतात, माझ्या काकांना रोज पिकलेली केळी, मऊ भात, साबुदाण्याची पेज, उकडलेला बटाटा आणि ताक असं चालू होतं, त्यानं जाड झालं. ठेचा सध्या नकोच, तिखट खाल्लेलं तसंच बाहेर येतं आणि सोललेल्या चामडीवर पडलं तर काय आग होते ते काकांनी अनुभवलंय. भाकरी लगेच नको, आधी मऊ पोळी, मग थोडी थोडी. ऑपरेशनच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मका, सुकं खोबरं, शेंगदाणे, मशरूम असलं अख्खं जाणारं टाळायला सांगितलं होतं, अडकतं म्हणे. वांग्याचं भरीत नंतर सुरू केलं पण शेंगदाणे आणि मिरची कमी करून आणि नीट चावून. बरं व्हई जाई अण्णाले, काळजी करू नका.

निवृत्त_सिस्टर_धुळे

यावलच्या लेकीनं बरोबर सांगितलं. त्यात पाण्याचं घालते कारण हा उन्हाळा आहे. इलिओस्टोमीत मोठं आतडं वापरात नसतं आणि पाणी-मीठ शोषायचं काम तेच करतं. म्हणून माणूस तहान लागली की तांब्यामागून तांब्या साधं पाणी पितो आणि ते तसंच पिशवीत येतं, वर मीठ पण घेऊन जातं. साधं पाणी थोडं थोडं, आणि त्याच्या जोडीला ओआरएस, एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच, कमी-जास्त पाणी नाही. कोल्ड्रिंक आणि फार गोड सरबत नको, साखरेनं अजून पातळ होतं. किडनी किंवा बीपीचा त्रास असेल तर ओआरएस किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

मापाचा मग घ्या आणि दिवसभरात किती आलं ते वहीत लिहा. दीड लिटरच्या पुढं जात असेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उठल्यावर चक्कर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जुलाब थांबवायची गोळी ते देतात, बहुतेक वेळा जेवणाआधी अर्धा तास, पण त्यांनी सांगितल्यावरच. केमो चालू असेल तर आवर्जून सांगा, त्यानं पण पातळ होतं. आणि पिशवीत गोळी अख्खी दिसली तर तेही सांगा, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या इथं पुरत्या शोषल्या जात नाहीत.

वहीतला हा आकडा चामडीसाठी पण लागतो हो. जेवढं पातळ आणि जेवढं जास्त, तेवढी प्लेटची कड लवकर विरघळते.

सातपुड्याचा_माणूस

नंदुरबारहून लिहितोय. तुमची चर्चा वाचताना एक गोष्ट आठवली, इथल्या लोकांना माहीत असावी असं मनापासून वाटतं. आपल्या सातपुड्यात कांडोळाचं झाड आहे, भुत्या पण म्हणतात, पांढरंफटक खोड, उन्हाळ्यात पानं झडली की डोंगरावर लांबून चमकतं. त्याचा डिंक म्हणजे कराया. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकला डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी हाच डिंक स्टोमाभोवती चामडी वाचवायला वापरायला सुरुवात केली, ओलावा धरून तो फुगतो आणि चिकटून राहतो. त्यांच्याच एक पेशंट नॉर्मा गिल, स्वतः इलिओस्टोमीवाल्या, १९५८ पासून तिथं इतर पेशंटना पिशवी सांभाळायला शिकवू लागल्या आणि स्टोमा नर्स हे कामच तिथून उभं राहिलं. आता प्लेटमध्ये पेक्टिन, जिलेटिन, सेल्युलोज असं असतं, कराया मागं पडला.

कुणी जंगलातून डिंक आणून लावू नका हां, तो कच्चा असतो, माती-सालीचे कण असतात. मी फक्त यासाठी लिहिलं की आमच्या पाड्यावर एका घरी पिशवीवाला माणूस आहे, तो लाजेनं बाजाराला जात नव्हता. त्याला म्हटलं, तू ज्या झाडाचा डिंक गोळा करायचास त्याच डिंकानं जगभरच्या लोकांची चामडी वाचवली. परवा धडगावच्या बाजारात भेटला.

पांझराकाठ

वा भाऊ. याच्यात अजून एक भर. इलिओस्टोमी चामडीच्या वर दोन-तीन सेंटिमीटर उठून असते ती मुद्दाम तशी करतात. १९५२ साली इंग्लंडमध्ये ब्रायन ब्रुक नावाच्या सर्जननं आतड्याचं तोंड बाहेरून उलटवून टाके घालायची पद्धत मांडली, त्यामुळं मळ थेट पिशवीत पडतो, चामडीवरून वाहत नाही. चोपडेकर भाऊ, अण्णांचा स्टोमा किती वर आहे ते फॉलोअपला सर्जनना जरूर विचारा. कमी उठलेला असेल तर खालची गळती त्यामुळं पण असू शकते आणि मग सिस्टर म्हणाल्या तशी फुगीर प्लेट बघावी लागेल.

चोपडेकर_शेतकरी

मंडळी अपडेट देतो. नमुना कापून प्लेट घरीच कापायला लागलो, माझी दहावीतली मुलगी माझ्यापेक्षा सफाईनं कापते. पावडर आणि फिल्मचे थर दिले, घडीच्या जागी रिंग लावली. पहिल्या बदलानंतरच पाणी सुटणं कमी दिसलं. आता लाल भाग फिकट गुलाबी झालाय आणि सोललेल्या एका जागेवर नवी चामडी धरलीये, दुसरी थोडी बाकी आहे पण ओली नाही. प्लेटच्या मागच्या बाजूला डाग आला तरी कडेपर्यंत जात नाही. काल रात्री अण्णा ओट्यावर खाट टाकून सलग झोपले. केळीनं घट्टपणा आलाय, वहीत आकडा लिहितोय, दीड लिटरच्या खाली आहे.

स्टोमा वर किती आहे म्हणाल तर उभं राहिल्यावर ठीक दिसतो, बसल्यावर खालच्या बाजूला आत ओढल्यासारखा होतो. जळगावला सर्जनना दाखवणार आहे. स्टोमा नर्स आपल्याकडे कुठं भेटेल?

निवृत्त_सिस्टर_धुळे

ऐकून फार बरं वाटलं भाऊ. मुलीला शाबासकी द्या माझी. पावडर आता फक्त त्या राहिलेल्या जागेवर.

जळगावच्या किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सर्जरी ओपीडीत आधी विचारा, तिथल्या एखाद्या सिस्टरला या कामाची सवय असते. मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया पण मुंबईतच आहे. मोठ्या कंपन्यांच्या हेल्पलाइन असतात, त्या फोनवर माहिती देतात आणि कधीकधी नमुन्याची प्लेट पाठवतात, विचारायला पैसे पडत नाहीत. जाताना बसलेल्या, उभ्या अन् झोपलेल्या स्थितीतले फोटो आणि काढलेल्या प्लेटच्या मागच्या बाजूचा फोटो सोबत घ्या. डाग बघितला की अनुभवी माणसाला लगेच कळतं.

अमळनेरचा_मामा

रामराम. धागा बघून मी पण विचारतो, माझ्या मेव्हण्याची लघवीची पिशवी आहे, मूत्राशय काढून टाकलं. त्याच्या चामडीवर लाली नाही, उलट स्टोमाच्या भोवती राखाडी-पांढरट जाड खरखरीत थर आलाय, हात लावला की दुखतं, आणि बारीक खड्यासारखं काहीतरी चिकटलेलं असतं. वास पण उग्र येतो. ही पावडर त्याला चालेल का?

निवृत्त_सिस्टर_धुळे

मामा, त्यांचं दुखणं वेगळं आहे, पावडरनं जाणार नाही. लघवी सतत चामडीवर राहिली की चामडी जाड होते, आणि लघवी आम्लधर्मी न राहता अल्कधर्मी झाली की तिच्यातले क्षार खडे होऊन बसतात. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून स्वच्छ कपडा भिजवा आणि प्लेट बदलताना काही मिनिटं थरावर ठेवा, मग साध्या पाण्यानं धुऊन टिपून कोरडं करा. खरवडून खडे काढू नका. चामडी फाटलेली असेल तर व्हिनेगर झोंबेल, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा. भोकाचं माप यांचं पण बघा, खडे बहुतेक जिथं चामडी उघडी राहते तिथंच होतात. पाणी भरपूर, डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर. रात्री नळीनं मोठी पिशवी जोडून झोपू द्या, नाहीतर लघवी प्लेटखाली साचून राहते. आणि वास उग्र, लघवी गढूळ, कंबर दुखते किंवा थंडी वाजते असं असेल तर लघवी तपासून घ्या, इन्फेक्शन असू शकतं.

अमळनेरचा_मामा

ताई, कंबर दुखते म्हणत होता तो परवा. उद्याच लघवी तपासायला नेतो आणि भोक पण मोजून घेतो. रिपोर्ट आला की इथंच लिहितो.